पंधरवड्याचं धान्य

पाथरी तालुक्यातल्या मुद्गल गावी नदीच्या पात्रातच मुद्गलेश्वराचं देऊळ आहे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गंगेला पूर आला की देऊळ पाण्यात जातं, ओसरला की पुन्हा वर येतं.

महाभारतातला मुद्गल मात्र कुरुक्षेत्रीचा. वनपर्वात व्यास त्याची कथा युधिष्ठिराला सांगतात, वनवासाची 11 वर्षं सरल्यावर, तो पार खचलेला असताना. हा मुद्गल सरवा, म्हणजे सुगीनंतर रानात राहिलेलं धान्य, वेचून जगे. 15 दिवसांत द्रोण या मापाइतकं भाताचं धान्य जमे. अमावस्या-पुनवेला त्यातून यज्ञ व्हायचा, पाहुण्याला वाढायचं आणि मग उरेल त्यात बायकोमुलासह पंधरवड्याचं एक जेवण.

महाकाव्यातला काळ म्हटलं की आपल्याला चार युगं आठवतात, ब्रह्मदेवाचा हजार युगांचा दिवस आठवतो. यक्षाला उत्तर देताना युधिष्ठिर सांगतो, काळ सगळ्या जिवांना कढईत शिजवतो, महिने आणि ऋतू ही त्याची पळी. मी हे सगळं वाचतो आणि फिरून मुद्गलाच्या पंधरवड्याशी येऊन थांबतो. युग कुणी भुकेनं मोजलेलं नाही. पंधरवडा मोजलेला आहे, आणि तो माझ्या आजीनं मोजलेला मी पाहिला आहे.

सुगी संपली की ती सरव्याला निघायची. काळ्या रानाला भेगा पडलेल्या असत. त्यात बोटं घालून ती कणसाचा तुकडा बाहेर काढी, तळव्यावर चोळी, फुंकर मारून कोंडा उडवी. एक दाणा दाताखाली धरायची. कट्‌ असा आवाज आला तरच बाकीचे ओट्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ ज्वारीचे टपोरे दाणे सापडले की तिचा चेहरा उजळे. घरी आल्यावर ती ओटा गाडग्यात रिकामा करी आणि पुनवेपर्यंत पुरेल की नाही ते नुसत्या नजरेनं सांगे.

विराटपर्वात भीष्म हिशेब मांडतो: दर 5 वर्षांनी 2 महिने वाढतात, 13 वर्षांत 5 महिने 12 दिवस, म्हणून पांडवांची मुदत पुरी झाली. हा वाढीव महिना म्हणजेच आमचा धोंड्याचा महिना. पांडवांना त्यानं सोडवलं. आजीला मात्र त्या महिन्यात लेकजावयाच्या जेवणाची काळजी लागे. गाडग्यातली जवारी मोडून ती गूळ आणायची.

मुद्गलाकडे दुर्वास ऋषी लागोपाठ सहा अमावस्या-पुनवांना आले आणि सगळं अन्न खाऊन गेले. मुद्गल चिडला नाही. मग हंस जोडलेलं विमान घेऊन देवदूत आला, सदेह स्वर्गाला न्यायला. मुद्गलानं आधी विचारलं, तिथले गुणदोष कोणते? दूत खरं बोलला. तिथं साठवलेलं पुण्य खायचं, नवं काही करता येत नाही. आपल्याहून वरचा दिसला की जीव जळतो. गळ्यातली माळ सुकली की खाली पडायचं. करणीची जागा ही पृथ्वीच. मुद्गलानं विमान परत पाठवलं आणि पुन्हा सरव्याला लागला. पुढं त्याला परमपद मिळालं, असं व्यास सांगतात. मला मात्र तो रानाकडे वळला तिथंच कथा पुरी वाटते.

आजीच्या दहाव्याला गंगाखेडच्या घाटावर आम्ही तिच्यासाठी स्वर्गच मागितला. सगळे मागतात. पण रिकाम्या हातांनी तिला तिथं करमेल का? तिला पुन्हा रान मिळावं, असं मागायला हवं होतं. तेही मागताना जीभ अडखळते. जवारीच्या रानात आता सोयाबीन आहे. त्याचाही सरवा बाया वेचतात, उन्हात तशाच वाकून. पण तो पिशवीतून थेट आडत दुकानात जातो. त्यातला एकही दाणा दाताखाली धरून कुणी पाहत नाही.