ऊन कोशिंबीर

कोशिंबीर गार असावी, हा मराठी ताटाचा अलिखित नियम आहे. मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर ही ताटाची डावी बाजू. तिच्याकडे पोट भरण्याचे काम नसते, चव जागी ठेवण्याचे असते. 'ऊन' हे विशेषण आपण भाताला लावतो, वरणाला लावतो, पिठल्याला तर हमखास लावतो. ऊन कोशिंबीर असा शब्दप्रयोग मात्र कानाला खटकतो. त्यामुळे दक्षिण जर्मनीतल्या एका पदार्थाला मराठी नाव देताना पहिली अडचण आली ती भाषेची. भाजी म्हणावे तर त्यात व्हिनेगरची उघड आंबट धार आहे. भरीत म्हणावे तर फोडी अखंड राहायला हव्यात. रायते म्हणावे तर दह्याचा पत्ता नाही. अखेर वदतोव्याघात पत्करून आम्ही घरात त्याला 'ऊन कोशिंबीर' म्हणू लागलो, आणि आता ते नाव रुळले आहे.

जर्मनीत बटाट्याच्या सॅलडचे ढोबळमानाने दोन संप्रदाय आहेत. उत्तरेकडे मेयोनेझ घातलेले गार सॅलड. दक्षिणेकडे, विशेषतः स्वाबियात आणि बव्हेरियात, उकडलेल्या बटाट्याच्या गरम चकत्यांवर मांसाचे कढत सार, व्हिनेगर, तेल, मोहरीची चटणी आणि कांदा घालून मुरवलेले. काही घरांत त्यावर खारवलेल्या, धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे पडतात. अमेरिकेत गेलेल्या जर्मन कुटुंबांनी हीच तऱ्हा सोबत नेली. तिथे 'जर्मन' हा शब्द लागला की सॅलड ऊनच असणार असे लोक समजतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, ते करण्याची रीतही अमेरिकेतलीच.

माझी भाची शिक्षणासाठी श्टुटगार्टला गेली आणि तिच्याकडून ही पाककृती आमच्या घरी आली. वाचताना प्रथम जाणवले ते हे, की यात फोडणीच आहे, फक्त उलट क्रमाने. आपण गरम तेलात मोहरी तडतडवून तिचा तिखटपणा घालवतो आणि सुगंध ठेवतो. जर्मन माणूस ती व्हिनेगरात वाटून तिचा झणका जपतो. आपण म्हणतो 'मुरू द्यावे'. तो ज्या क्रियापदाचा उपयोग करतो त्याचा शब्दशः अर्थ 'ओढू द्यावे' असा आहे, म्हणजे बटाट्याने रस ओढून घ्यावा. मला हे क्रियापद आवडले. मुरण्यात पदार्थ निष्क्रिय असतो, ओढण्यात तो काही करत असतो.

खारबावला बटाटा पिकत नाही. भिवंडी तालुक्याचा हा भाग खाडीचा आणि भाताचा. गावाच्या नावातच 'खार' आहे आणि 'बाव' म्हणजे विहीर. आमच्या स्टेशनातून वसईकडे निघालेली गाडी कामण रोड, जूचंद्र करीत वसई रोडला पोचते, आणि बटाटा हा शब्द बहुधा त्याच दिशेने आला. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. 'बटाटा' हे पोर्तुगीज 'बटाटा'च. उत्तरेने 'आलू' हा जुना संस्कृत कंदवाचक शब्द नव्या कंदाला दिला, आपण मात्र कंद नावासकट घेतला. पुढे तो इतका आपला झाला की एकादशीला चालू लागला. अमेरिका खंडांतून आलेला बटाटा, तिथलीच मिरची, तिथलेच शेंगदाणे आणि तिथल्याच कसावा कंदापासून केलेला साबुदाणा, अशी आपली उपवासाची थाळी सोवळी मानली जाते. जर्मनांनाही बटाटा सहजी मान्य झाला नव्हता. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकला १७५६ साली बटाटा लावण्याचा हुकूम काढावा लागला होता. आपल्याकडे राजाज्ञेची गरज पडली नाही, उपवासाने काम भागवले.

स्लो कुकरची कथा अधिक विलक्षण आहे. अमेरिकेतील संशोधक अर्विंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. पुढे रायव्हल या कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने ते भांडे घरोघरी गेले. नॅक्सन यांना कल्पना सुचली ती आईने सांगितलेल्या लिथुआनियातील आठवणींतून. तिथे ज्यू कुटुंबे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्ये, बटाटे आणि मांस यांचे 'चोलंट' भरलेले मडके गावच्या भट्टीवाल्याकडे नेऊन ठेवीत. शब्बाथाला विस्तव पेटवणे निषिद्ध. म्हणून आदल्या दिवशीच्या भट्टीची उरलेली ऊब रात्रभर मडक्याला शिजवी. दुसऱ्या दिवशी कोणीही आग न पेटवता ऊन अन्न ताटात येई. म्हणजे आज सोयीचे म्हणून विकले जाणारे हे उपकरण मुळात एका निषेधाच्या पोटी जन्मले.

हा निषेध कोकणाला अपरिचित नाही. घाण्यावर तेल काढणारे, मराठी बोलणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ठाण्याचे सिनेगॉग १८७९ सालचे आहे. नियमाच्या मर्यादेत राहूनही अन्न ऊन कसे ठेवायचे, हा प्रश्न लिथुआनियाचा तसा आपल्या शेजारचाही होता.

मंद आचेचे ज्ञानही आपल्याला नवे नाही. १९१० साली बंगालमध्ये डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' काढला. खाली कोळशाची शेगडी, वर एकावर एक डबे, आणि वाफेवर तासन्‌तास शिजणारे भात, वरण, भाजी. त्याच्याही आधी आपल्याकडे 'वैल' होता. चुलीच्या मुख्य तोंडाशेजारचे हे दुसरे तोंड. त्याला स्वतःचा जाळ नसे, चुलीची आत वळलेली ऊब मिळे. वैलावर दूध तापत राही, आमटी उकळत राही, वरण गार होत नसे. शब्दकोशात हा शब्द अजून आहे. माझ्या वर्गातल्या साठ विद्यार्थ्यांत मात्र तो दोघींनाच ठाऊक होता, आणि त्या दोघीही वाड्याकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या होत्या.

आमच्या घरी हे भांडे आले त्याचे कारण पाककलेचे नव्हते. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गेली तीन वर्षे तिची स्मृती हळूहळू विरते आहे. नावे गेली, मग वार गेले, मग आपण आताच काय केले हे जाऊ लागले. एका दुपारी मी कॉलेजातून परतले तेव्हा घरभर करपलेल्या पातेल्याचा वास होता आणि आई अंगणात शांतपणे तांदूळ निवडत बसली होती. तसे पुन्हा घडले. डॉक्टरांनी सांगितले, विस्तव आणि त्या एकट्या, असे होऊ देऊ नका. तेव्हापासून आम्ही बाहेर पडताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवतो.

हे लिहिणे सोपे आहे. पण मराठीत चूल या शब्दाला किती अर्थ लगडले आहेत ते पाहा. घर वेगळे झाले की 'वेगळी चूल मांडली' म्हणतात. साऱ्या घरादाराला जेवायला बोलावले की ते 'चूलबंद आमंत्रण'. हलाखी सांगायची तर 'घरात चूल पेटली नाही'. बाईच्या जगण्याची कोंडी सांगतानाही 'चूल आणि मूल' हेच शब्द येतात. आमच्या पिढीने स्त्रीवादी समीक्षा वाचली आणि चुलीला बेडी म्हणायला शिकली. ते खरेच आहे. पण त्याच चुलीवर आईचा साठ वर्षांचा अधिकार होता. घरात इतर कशावरही तिचा शब्द अखेरचा नव्हता. भाताला किती आधण, आमटीला किती चिंच, यावर होता. रेग्युलेटर कपाटात गेला आणि तो अधिकारही गेला. तिने तक्रार केली नाही. फक्त ती स्वयंपाकघरात येईनाशी झाली.

भाचीने स्लो कुकर पाठवला तेव्हा माझ्या मनात आईचा विचार आला तो याच कारणाने. त्यात ज्वाळा नाही. त्याचा मंद टप्पा विजेच्या दोनतीन जुन्या दिव्यांइतकी वीज घेतो. विसरले तरी पाणी आटून भांडे करपण्याची भीती फार कमी, कारण झाकणावर जमलेली वाफ पुन्हा आत उतरते. भिवंडी परिसरात भारनियमन तासन्‌तास चाले त्या काळात असले यंत्र थट्टेचा विषय झाले असते. आता ते चालते.

कृती अशी. एक किलो बटाटे सोलून अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या कराव्यात. बटाटा नवा घ्यावा. जर्मनीत बटाटे शिजल्यावर घट्ट राहणारे, मध्यम आणि भुसभुशीत अशा प्रकारांनुसार विकतात. आपल्या बाजारात ते इंदूरचे की मंचरचे, नवे की जुने, यावर विकले जातात. नव्यात पिष्ट कमी असते, त्यामुळे त्याच्या चकत्या विस्कटत नाहीत. दोन कांदे उभे चिरून चकत्यांच्या थरांत घालावेत. पाऊण वाटी पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर, दोन चमचे साखर, दीड चमचा मीठ, एक मोठा चमचा वाटलेली मोहरी आणि तीन चमचे तेल एकत्र करून वरून ओतावे. झाकण लावावे आणि मंद टप्प्यावर साधारण सहा तास विसरून जावे. मधे झाकण उघडू नये. उघडले की कोंडलेली ऊब जाते आणि वेळ वाढतो.

एवढा वेळ शिजूनही बटाट्याचा लगदा का होत नाही, याला कारणे आहेत. फोडीतल्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहजासहजी विरघळत नाही. म्हणून चिंच किंवा आमसूल आधी घातले की डाळ-भाजी शिजत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत असते. दुसरे असे की भांडे फार सावकाश तापते. साठ अंशांच्या आगेमागे बटाट्यातील एक विकर पेक्टिनला अधिक बळकट करते, आणि मंद तापणाऱ्या भांड्यात बटाटा त्या तापमानात बराच वेळ राहतो. मात्र हीच सावकाशी राजम्याला घातक ठरते. कच्च्या राजम्यातील विषारी द्रव्य नष्ट व्हायला खळखळ उकळी लागते. तो आधी भिजवून, पाणी बदलून, उकळूनच या भांड्यात घालावा.

धुरावलेल्या मांसाच्या जागी आम्ही सोडे घेतो. मूळ पदार्थात त्या मांसाची तीन कामे आहेत : स्निग्धता, खारटपणा आणि दाताखाली लागणारा चिवट-कुरकुरीतपणा. पहिले तेल करते. उरलेली दोन्ही सुकवलेली कोलंबी निभावते. सोडे पाण्यातून काढून, लसणीबरोबर खरपूस परतून, वाढताना वरून पेरायचे. हे परतणे गॅसवर, मी घरी असताना. संकष्टीला सोडे गळतात आणि भाजलेले दाणे येतात. अजमोदाऐवजी कोथिंबीर. व्हिनेगर वसईच्या ओळखीच्या घरातून मिळाले तर माडाच्या ताडीचे. त्याची चव बाटलीतल्या रासायनिक व्हिनेगरहून मऊ असते.

आईने हे पहिल्यांदा खाल्ले तेव्हा म्हणाली, "याला आमसूल पुरलं असतं." पुढच्या वेळी आम्ही आमसूल घातले, आणि ती म्हणाली ते बरोबर होते. सोलणे आणि चिरणे आता तिच्याकडे आहे. वार हरवलेल्या माणसाच्या हातून चकत्या मात्र एकसारख्या जाडीच्या पडतात. हात काय लक्षात ठेवतात याचे शास्त्र वेगळे असावे. भांडे भरले की बटण तीच फिरवते. दुपारभर ती दोनदा-तीनदा येऊन झाकणाच्या काचेतून आत पाहते. काय शिजते आहे ते तिला आठवत नसते, पण काहीतरी आपण चढवले आहे हे माहीत असते.

हा अधिकार परत मिळाला असे म्हणता येईल का? मला तसे म्हणायचा मोह होतो, पण ते पुरते खरे नाही. चुलीवर जाळ मागेपुढे करणे, वासावरून ओळखणे, चव घेऊन मीठ वाढवणे, हा निर्णयांचा एक अखंड प्रवाह असतो. बटण फिरवणे हा एकच निर्णय आहे, आणि तोही कोणी तरी आधीच सुरक्षित करून ठेवलेला. जे गेले ते गेले. पण अधिकार नसला तरी कामाला एक मान असतो, आणि 'आज आईने केले आहे' हे वाक्य आम्हाला खोटे न बोलता उच्चारता येते.

आपल्या वाङ्मयेतिहासात अशा गोष्टींना जागा नसते. ज्ञानकोशकार केतकरांशी विवाह करून जर्मन-ज्यू एडिथ कोन पुण्यात शीलवतीबाई झाल्या. विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचा त्यांचा इंग्रजी अनुवाद १९२७ साली निघाला, आणि ती नोंद कोणीही करतो. त्या घरात बटाट्यावर व्हिनेगर पडले की चिंच, हे साहित्याच्या इतिहासात कोणी विचारत नाही. दोन भाषांमधला खरा अनुवाद मात्र रोज तिथेच होत असणार, आणि त्यावर कोणाचेही नाव नसणार.

जर्मन रीतीप्रमाणे आमची पाककृती आता अशुद्ध आहे. तिच्यात आमसूल आहे, सोडे आहेत, कोथिंबीर आहे. वाढताना ती ताटाच्या डाव्या बाजूला, चटणीच्या शेजारी वाढतात, आणि ती ऊन असते.