अंगी लागणं

दादाचं वजन एका आठवड्यात दोन किलो तीनशे ग्रॅमनं वाढलं, तेव्हा मी मुलीला फोन करून आकडा सांगितला. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं पाच महिन्यांत चौदा किलो उतरलेला माणूस माझ्या हातून चढणीला लागला, असं मला वाटलं आणि मी ते घरभर बोलून दाखवलं. सव्वीस वर्षं मी कॅन्सरच्या रुग्णांचा आहार पाहते आहे. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता, तर काट्यावरचा आकडा लिहिण्याआधी मी त्याच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला असता. दादाच्या घोट्यावर तो मी तीन दिवसांनी दाबला. खड्डा पडला, तो भरून यायला बराच वेळ लागला. पोटातही पाणी साठलं होतं.

वहिनींना मी म्हटलं, थोडी सूज आहे. साखर ठेवलेली वाटी तिथेच होती.

त्यानंतर वर्ष उलटलं. ओपीडीत बसते, पण वजनकाट्याकडे पूर्वीसारखं पाहू शकत नाही. आणि एक जुनी अडचण, जिला मी इतकी वर्षं वळसा घालून जात होते, ती आता रोज समोर येऊन उभी राहते. भरवणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

आपल्याकडे खाल्लेलं अंगी लागतं. लागत नसेल, तर कुणाचं तरी चुकतं: करणारीचं, खाणाऱ्याचं, नाहीतर कुणाची दृष्ट लागलेली असते. कॅन्सरमध्ये वजन उतरतं ते या हिशेबात बसत नाही. शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागतं, भूक आतूनच मिटते आणि नुसतं जास्त खाऊ घालून हे पुरतं उलटवता येत नाही. २०११ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या स्थितीची जी व्याख्या केली, तिच्यातच ही कबुली आहे. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं की ती स्थिती सुरू झाली असं धरतात. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो म्हणजे पँटचा पट्टा एक भोक आत. घरच्यांच्या ते लक्षात येतं तेव्हा ते त्याच्या पानात अर्धी भाकरी जास्त वाढतात. तिथूनच भांडण सुरू होतं.

मी वाक्यं करून पाहिली. ‘जबरदस्ती करू नका’ म्हटलं की बायकांच्या चेहऱ्यावर दिसतं, म्हणजे सोडून द्यायचं? ‘थोडं थोडं, वरचेवर द्या’ म्हटलं, तर दर अर्ध्या तासाला वाटी घेऊन कुणीतरी कॉटपाशी उभं राहतं आणि रुग्ण झोपेचं सोंग घ्यायला शिकतो. बरीच वर्षं मी फुटक्या घागरीचा दाखला देत असे, कितीही ओतलं तरी खालून जातं. एका आजींनी विचारलं, मग मी ओतणंच थांबवू का? तो दाखला मी त्या दिवशी सोडला. आणि ‘त्यांना हवं ते खाऊ द्या’ हे तर आमच्यापैकी कुणीच बोलू नये असं माझं मत आहे. वैद्यकीय दृष्ट्या त्यात काही गैर नाही, पण मराठी घरात त्याचा अर्थ एकच होतो. ते ऐकून एक मुलगा माझ्यासमोर उठला, बाहेर गेला आणि त्यानं गावाकडे फोन करून सगळ्यांना बोलावून घेतलं. वडील नंतर सात महिने जगले.

साखर बंद करा म्हणजे गाठ उपाशी मरेल, असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. चार घास गोडाचे जात असतात, तेही हे लोक काढून घेतात आणि वर गव्हांकुराचा रस विकतात. गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो. पण आमच्या नव्या मंडळींबद्दलही मला बोलायचं आहे. संगणकातून निघालेला तक्ता हातात देतात, त्यात ओट्स आणि ब्रोकोली. बाई माण तालुक्यातून आलेली असते. तिला आंबील येते, मुगाचं कढण येतं, शेंगदाण्याचं कूट घालून मऊ भात येतो. प्रथिनांचा हिशेब त्यातून मांडता येतो, फक्त समोर बसून मांडावा लागतो.

मदत करणारी औषधं आहेत, हे सांगायला हवं. पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये केमो चालू असलेल्या रुग्णांना ओलान्झापीनचा अगदी लहान, रोज अडीच मिलिग्रॅमचा डोस देऊन पाहिला आणि २०२३ साली निष्कर्ष छापले. पुष्कळांची भूक आणि वजन सुधारलं. दादालाही डॉक्टरांनी ते दिलं. पंधरा दिवस त्यानं स्वतःहून पिठलं मागितलं. पाचकरसाच्या कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, तेवढीही शिस्त त्यानं पाळली. मग तेही ओसरलं.

आणि मग मी जे केलं ते मला लिहायला जड जातं. जे वाक्य मी हजार घरांना सांगितलं, ते माझ्या हाताला लागू झालं नाही. मी चमचा घेऊन बसले. सूपचा वास घेऊनच त्यानं ओठ मिटले. मी म्हटलं, माझ्यासाठी एवढा एक. त्यानं तो घेतला, पाच मिनिटांनी उलटी झाली, पुसता पुसता तो म्हणाला, ‘तू तरी नको गं.’ वहिनी दारात होत्या. त्यांनी एवढंच पाहिलं की तज्ज्ञ नणंद भरवते आहे, म्हणजे भरवायलाच हवं. पुढचे तीन आठवडे त्यांनी मला पाहून पाहून भरवलं.

दहाव्याला आम्ही संगम माहुलीला घाटावर होतो. पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास गेला. भाच्यानं आईला सांभाळण्याचं वचन दिलं, चुलत्यांनी जमिनीचं काय ते सांगितलं. वहिनी माझा दंड धरून म्हणाल्या, ‘वन्सं, हे उपाशी गेले. म्हणून शिवत नाही.’

मी पायऱ्या उतरून पुढे गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, ‘दादा, तुला भूक नव्हती. आजारानं ती नेली होती. वहिनींनी घालायचं काही ठेवलं नाही.’ सव्वीस वर्षं शोधत होते ते वाक्य इतकं साधं निघालं, आणि ज्यांना ते चैत्रात ऐकायला हवं होतं त्यांनी ते श्रावणात ऐकलं.

कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

ओपीडीत आता मी हे वाक्य पहिल्याच भेटीत, वजन करण्याआधी, सोबत आलेल्या माणसाकडे बघून सांगते. कुणाला पटतं, कुणाला नाही. वहिनी अजून फोनवर विचारतात, शेवटच्या आठवड्यात ती रव्याची खीर थोडी पातळ केली असती तर गेली असती का? मी म्हणते, नाही वहिनी, भूक नव्हती त्याला. त्या हं म्हणतात. आठ दिवसांनी पुन्हा विचारतात, कधी खिरीचं, कधी पेजेचं.