ठमीचं वय
(द्वितीय वर्ष, बी. ए.)

'माज' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. माणसाला माज आला म्हणजे तो उर्मट झाला. गाय माजावर आली म्हणजे मात्र घरात आनंद, कारण पुढे वासरू आहे, दूध आहे, चार पैसे आहेत. शेळीचंही तसंच. मांजरीच्या माजाचं तेवढं कुणालाच कौतुक नाही. तो लोकांना कळतो तो झोपमोड झाली म्हणून. आणि मुलगी वयात आली की आमच्याकडे तिला 'शहाणी झाली' म्हणतात. शहाणी म्हणायचं आणि नेमकं त्याच दिवसापासून तिचं काही ऐकून घ्यायचं नाही, ही रीत कुणी घातली कुणास ठाऊक!

आम्ही लोणंदला राहतो. लोणंद म्हणजे कांद्याची पेठ. अण्णा मार्केट यार्डात हमाली करतात, आई हंगामात कांदा निवडायला जाते. दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात आजी, आई, अण्णा, मी, धाकटा भाऊ आणि एक मांजर असा संसार. मांजर आमच्याकडे हौसेसाठी नसते, उंदरांसाठी असते. ठमीच्या आधीच्या मांजरीला तर नावही नव्हतं. ती वर्षातून दोनदा, कधी तीनदा व्यायची. पिलांना तोंडात धरून सात घरं फिरवायची. मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत म्हणतात ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. पिलं भाकरी खाऊ लागली, की गुरुवारच्या बाजाराच्या गर्दीत अण्णा ती पोत्यात घालून न्यायचे आणि कुठंतरी सोडून यायचे. मारायची नाहीत. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आजी सांगते. सोडून येण्याला प्रायश्चित्त नाही. मग दोन-तीन दिवस ती मांजर कणगीमागे, माळ्यावर, चुलीपाशी हाका मारत फिरायची. आई तिच्यापुढं दूध ठेवायची आणि तिच्याकडं न पाहता कामाला लागायची.

ती मांजर गेली आणि गेल्या दिवाळीनंतर ठमी आली. जन्म दसऱ्याच्या सुमाराचा. महाशिवरात्रीला ती साडेचार महिन्यांची होती. अण्णांच्या तराजूत घातली तर भरली बरोबर दोन किलो. पिलूच ते. कांद्याच्या पातीशी खेळणारं, स्वतःच्या शेपटीला घाबरणारं. त्या रात्री तिनं जो सूर लावला तो काही आधीच्या म्याँवचा नव्हता. लहान मूल कुठंतरी अडकून पडावं तसा तो आवाज होता. ती जमिनीवर गडाबडा लोळे, ज्याच्या-त्याच्या पायाला अंग घाशी, पाठीवर हात ठेवला की पुढचं अंग जमिनीला टेकवून मागचं उंच करी, शेपटी एका बाजूला घेई आणि मागचे पाय जागच्या जागी नाचवी. भावाला वाटलं तिची कंबर मोडली. तो रडायलाच लागला. आजी अंथरुणातूनच म्हणाली, "काय न्हाई झालं. शहाणी झाली ती." जनावरासाठी आजीनं माणसाचा शब्द वापरला, हे माझ्या ध्यानात राहिलं.

सकाळपर्यंत पत्र्यावर तीन बोके जमले होते.

मांजरीचं हे सगळं शास्त्र मोठं गमतीचं आहे. तिला रक्तस्राव होत नाही, त्यामुळं नवख्या माणसाला ती आजारी आहे असंच वाटतं. ती वयात येते ती साधारण सहाव्या महिन्यात. पण चौथ्या महिन्यातही येऊ शकते. महिने एकटे हे ठरवत नाहीत. वजन आणि दिवसाची लांबीही ठरवते. दिवस मोठा होऊ लागला की तिच्या मेंदूला निरोप पोचतो. म्हणून दसऱ्याची पिलं संक्रांत ओलांडताच माजावर येऊ शकतात. हा माज साधारण आठवडाभर टिकतो. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. आणि बीजांड सुटतं तेही बहुधा संग झाल्यावरच. त्यामुळं एकदा दार उघडं राहिलं की गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा. हिशेब केला आणि माझ्याच अंगावर काटा आला. दसऱ्याला जन्मलेली ठमी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आई झाली असती!

आमच्या आळीत सल्ल्याला तोटा नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एक वेत होऊ दे, मग काय ते करा. एकदा आई झाल्याबिगर मादीचा जीव शांत होत नाही." एका औषधाच्या दुकानदारानं गोळी सुचवली, माज बंद करणारी. अण्णा म्हणाले, पूर्वी व्हायचं तसं होईल. पूर्वी व्हायचं तसं म्हणजे पोतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

मी गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर एका म्हशीपाशी कोपरापर्यंत हातमोजा घालून उभे होते. मांजरीचं विचारायला आलेली मुलगी पाहून आधी हसले, पण मग बाकड्यावर बसवून सगळं नीट सांगितलं. एका वेताचा मांजरीच्या तब्येतीला काही उपयोग नाही, उलट तिची हाडं अजून वाढत असतात, आणि त्याच दोन किलोंतून चार पिलांचं रक्त नि दूध निघायचं असतं. गोळ्या संप्रेरकांच्या असतात, त्यांनी गर्भाशयात पू होतो, स्तनांत गाठी येतात, मधुमेहही होऊ शकतो. शस्त्रक्रिया करायची तर पाच महिन्यांच्या आत करावी. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या एका गटानं २०१६ साली तसं ठरवलं आणि २०१७ साली तिथल्या पशुवैद्यांच्या मोठ्या संघटनेनं त्याला दुजोरा दिला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींत स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी, तर वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी कमी आढळला. मांजरीच्या स्तनातली गाठ बहुतेक वेळा कर्करोगाचीच निघते, हेही त्यांनी सांगितलं.

"मग उद्याच आणू का, सर?"

"उद्या नको. माज चालू असताना रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं. करता येतं, पण घाई नसेल तर ओसरू दे. तोवर दार-खिडकी बंद. आणि पुढचा माज यायच्या आत मात्र शिरवळला घेऊन जा."

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ सालापासून. लोणंदहून एस. टी. जाते.

खरी अडचण पुढंच होती. 'नसबंदी' हा शब्द घरात उच्चारताच आजी उठून बसली. १९७६ साली, आणीबाणीत, ती एकवीस वर्षांची होती. गाडी आली की गडीमाणसं उसात जाऊन लपायची, हे ती आजही जशीच्या तशी सांगते. तिच्या चुलत दिराला म्हणे बाजारातून उचलून नेलं होतं. आजी मला म्हणाली, "पोरी, तू शिकलीस. पर तिला इच्यारलंस का?"

या प्रश्नावर मला उत्तर सुचलं नाही. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आमच्या वाचनात र. धों. कर्वे आले होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. मूल हवं की नको हे बाईनं ठरवावं म्हणून या माणसानं आयुष्य खर्चलं. म्हणजे प्रश्न शस्त्रक्रियेचा नाहीच, तो ठरवणाराचा आहे. आणीबाणीतली गाडी आणि कर्व्यांचं केंद्र वरवर एकाच कामाची वाटतात. मध्ये आजीचा प्रश्न उभा आहे. ठमीला कसं विचारणार? पण मग हेही खरं, की तिला निसर्गानं तरी कुठं विचारलं होतं? साडेचार महिन्यांच्या पिलाला दिवस मोठा झाला म्हणून कुणी आत बटण दाबलं. पत्र्यावरच्या बोक्यांनी विचारलं नव्हतं, अण्णांच्या पोत्यानं तर कधीच विचारलं नव्हतं. ज्याला विचारता येत नाही त्याच्यासाठी कुणीतरी ठरवणारच. ठरवणाऱ्यानं निदान आपल्या सोयीपेक्षा तिच्या जिवाचा विचार आधी करावा, एवढंच हातात राहतं. हे उत्तर आजीला पटलं असं नाही. ती "हं" म्हणाली.

निकाल लागला तो आईमुळं. प्रवास, औषधं, टाके काढायला पुन्हा एक फेरी, शिवाय तिचे बुडणारे दोन रोज. खर्च सांगितल्यावर अण्णा गप्प झाले होते. शेजारच्या काकू पुन्हा "एक वेत होऊ दे" म्हणू लागल्या. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाई. वय न्हाई तिचं." मग हात धुऊन तिनं डाळीच्या डब्यातून पैसे काढले आणि माझ्या हातात दिले. आईचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. कायद्यानं मुलीचं वय १९७८ पासून अठरा आहे; पण आमच्या आळीत कायदा उशिरा येतो. सतराव्या वर्षी तिला मी झाले. ती याविषयी कधी बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. परंतु मामींनी माझ्यासाठी आणलेलं एक स्थळ त्याच आठवड्यात मागे गेलं, ते कुणाच्या शब्दावरून, हे मी विचारलेलं नाही.

ठमी आठव्या दिवशी शांत झाली. पुढच्या मंगळवारी मी तिला भाजीच्या टोपलीत घालून, वर फडकं बांधून शिरवळला नेलं. तेव्हा तिला पाच महिने पुरे व्हायला दोन दिवस होते. लहान पिलाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, चार तास पुरतात, असं बजावलं होतं. भूल देऊन, पोटावरचे केस काढून, अंडाशय आणि गर्भाशय काढतात; टाक्याची जागा माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढी होती. घरी आल्यावर वेदना होत असतील म्हणून माणसाची गोळी द्यायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. दहा दिवस तिच्या गळ्यात पुठ्ठ्याची चकती होती आणि ती चकती घेऊन ती सगळ्या भांड्यांवर आदळायची. तिसऱ्या दिवशी तिनं एक झुरळ मारलं.

आता बोके येत नाहीत. ठमी पुन्हा स्वतःच्या शेपटीला घाबरते, म्हणजे तिचं लहानपण तिला परत मिळालं असं मला वाटतं. पण हा माझा समजही असेल, कारण तिनं काही सांगितलेलं नाही. आळीत आणखी तीन मांजरी आहेत. परवा काकूंनी विचारलं, शिरवळची गाडी कितीची असते. मी सांगितली. आजी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ती काकूंना म्हणाली, "जाताना टोपलीत जुनं लुगडं घाला. लहान हाय ती, गारठंल."