पोटोबा कुणाचा?

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण गेले काही दिवस डोक्यातून जात नाही. दहावीचा खेळाचा तास गणिताला द्यायचा, नववीपासून नाटकात नाव घालायचं नाही, चित्रकलेची इंटरमिजिएट लवकर उरकून टाकायची, असं ठरत असताना कुणीतरी ती म्हणतंच. अभ्यास हा पोटोबा. लेझीम, स्नेहसंमेलन, हस्तलिखित, विज्ञान मंडळ, हरितसेना हे सगळं विठोबाच्या वाट्याचं. मला हे पटत नाही, आणि खोडूनही काढता येत नाही.

म्हणीतल्या विठोबाकडे जाणाऱ्या माणसांकडे मात्र पाहावं. आषाढी वारीत माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातून जाते. लोणंद, मग चांदोबाचा लिंब इथलं पहिलं उभं रिंगण, तरडगाव, फलटण. वारकरी एकादशीला उपास करतो, म्हणजे त्याचा विठोबा आधी. पण वाटेवरच्या गावांत त्याच्यासाठी पहाटेपासून चुली पेटलेल्या असतात, बाया भाकऱ्या थापत असतात. त्याच्या पोटाची काळजी दुसऱ्या कुणीतरी उचललेली असते. आधी काय नि मग काय, एवढंच म्हण सांगते. पोट कुणाचं, ते सांगत नाही.

सांगलीत हा क्रम एकदा उलटाच झाला. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या इच्छेवरून विष्णुदास भावे यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. ते दरबारच्या हौसेचं काम होतं. 1851 मध्ये आप्पासाहेब वारले, राजाश्रय गेला, आणि तीच नाटकमंडळी पोटासाठी गावोगाव खेळ करू लागली. विठोबाच पोटोबा झाला! शाळेत नाटकाला 'इतर उपक्रम' म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. पण सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही, हेही मला ठाऊक आहे.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये वसतिगृह सुरू केलं. निरनिराळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, अंगमेहनतीची कामं करत. शेतातलं काम अभ्यासात मोडतं की अभ्यासाबाहेर, हा प्रश्न तिथं कुणाला पडला नसावा. मी मात्र तिथंही भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपाशी अडतो. या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. खेळातही तेच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला गेले नि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. आपण पदक लक्षात ठेवतो. त्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल, याचा विचार मी आजवर केला नव्हता.

वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत लेझमीचा सराव पाहिला होता. हलगीचा ठेका चुकला की सर थांबवत. पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या लेझमीची साखळी सुताच्या दोरीनं बांधलेली होती, चकत्या गंजलेल्या, तळव्यांवर तांबूस डाग. तिचा एकही हात चुकत नव्हता. सराव लांबला तशी ती फाटकाकडे पाहू लागली. आई उसाच्या भांगलणीला गेलेली, धाकटा भाऊ घरी एकटा. तिच्या त्या तासभराच्या लेझमीची किंमत कोण देत होतं? आई, की तो भाऊ?

म्हणून मला ठाम काही म्हणता येत नाही. सगळ्या मुलांना खेळ हवा, नाटक हवं, असं मी इतकी वर्षं सहज म्हणत आलो. आता ते म्हणताना जीभ अडखळते, कारण घरातल्या कुणाला तरी त्यासाठी कामाचा खाडा करावा लागतो, कुणाला तरी बुटांचे पैसे उसने आणावे लागतात. तरीही शाळा सुटल्यावर जिला घरकामच आहे, तिच्यासाठी शाळेतला तो एक तासच मैदान असतो. तोही काढून घेतला, तर तिचं पोट भरतं असंही नाही.

मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की खेळाचा तास गणिताला देण्याआधी त्या वर्गात जाऊन मुलींना विचारा, हा तास गेल्यावर तुम्ही कुठं खेळणार.