'ऐक' असे म्हणणारे नाव

भाषांतरविद्येच्या तासाला विशेषनामांचे भाषांतर करावे की करू नये हा प्रश्न निघाला, की आम्ही गेली कित्येक वर्षे एक गोष्ट सांगत आलो आहोत. दुपारच्या तासाला पेंगुळलेली मुले ती ऐकून जागी होतात, आणि खरे सांगायचे तर ती सांगण्यामागे आमचा हेतूही बहुतेक वेळा तेवढाच असे.

ऑगस्ट होर्ख या जर्मन अभियंत्याने १८९९ साली कोलोन शहरात स्वतःच्या नावाचा मोटार कारखाना काढला. पुढे तो सॅक्सनीतील त्स्विकाऊ या गावी गेला. १९०९ मध्ये संचालकांशी बिनसले आणि होर्ख स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडले. त्याच गावात त्यांनी दुसरा कारखाना उभारला आणि त्यालाही साहजिकच आपले नाव दिले. जुनी कंपनी न्यायालयात गेली आणि होर्ख दावा हरले. माणूस हयात आहे, धडधाकट आहे. पण आपलेच आडनाव आपल्या दारावर लावण्याची त्याला मनाई आहे! नवे नाव शोधण्यासाठी एका स्नेह्याच्या घरी बैठक बसली. त्या घरचा शाळकरी मुलगा कोपऱ्यात लॅटिनचा अभ्यास करीत होता. त्याने सुचवले, की 'होर्ख'ऐवजी 'आउडी' म्हटले तर? जर्मन भाषेत 'होर्ख' हे क्रियापदाचे आज्ञार्थी रूपही आहे. त्याचा अर्थ 'ऐक'. लॅटिनमध्ये 'ऐक' म्हणजे 'आउडी'. १९१० पासून कारखाना या नावाने चालू लागला. आपण त्या नावाचा उच्चार 'ऑडी' असा करतो.

या गोष्टीत विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगे पुष्कळ आहे. सोस्यूरने चिन्हाचे जे दोन पैलू मानले, ध्वनिरूप आणि संकल्पना, त्यांपैकी न्यायालयाने फक्त पहिल्याला कुंपण घातले. 'होर्ख' हा ध्वनी जुन्या कंपनीच्या मालकीचा ठरला. त्या ध्वनीतला अर्थ मात्र कोणाच्याच दप्तरी नोंदलेला नव्हता, तो होर्ख बरोबर घेऊन निघून गेले. तोपर्यंत तो अर्थ कोणाच्या ध्यानीमनी असेल असेही वाटत नाही. गोडबोले नावाच्या गृहस्थांना हाक मारताना त्यांच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा आपण ठेवत नाही. विशेषनामात अर्थ झोपी गेलेला असतो. भाषांतराने त्याला हलवून जागे केले.

आता भाषांतर म्हटले की थोडी सांडलवंड आलीच. जर्मन क्रियापद साध्या ऐकण्याचे नाही. त्यात कान टवकारणे आहे, भिंतीपलीकडची चाहूल घेणे आहे. मराठीत नेमका शब्द आहे, 'कानोसा घेणे'. म्हणजे होर्ख यांच्या आडनावाचा चोख अनुवाद 'कानोसा घे' असा होईल. लॅटिनमध्ये जाताना त्यातली सावध, दबकी छटा गळाली आणि उरले सरळ 'ऐक'. हे आम्ही मोठ्या खुशीत सांगत असू.

गोष्टीचा उत्तरार्ध बोधचिन्हाचा. जागतिक मंदीत सॅक्सनीतले मोटार कारखाने डबघाईला आले, तेव्हा तिथल्या राज्य बँकेच्या पुढाकाराने १९३२ मध्ये चार नावे एका छत्राखाली आली: आउडी, डीकेव्ही, होर्ख आणि वांडरर. या संघाचे नाव आउटो उनिओन आणि चिन्ह एकमेकांत गुंतलेली चार वलये. डीकेव्ही ही अक्षरे मुळात वाफेवर चालणाऱ्या गाडीची. पुढे त्यांतून 'मुलाची इच्छा' आणि 'लहानसा चमत्कार' असेही अर्थ काढले गेले. वांडररचा लौकिक सायकली आणि टंकलेखन यंत्रे यांचा. आम्हाला मात्र मौज वाटे ती आउडी आणि होर्ख या जोडीची. बावीस वर्षांपूर्वी न्यायालयाने विलग केलेले दोन शब्द, एकाच अर्थाचे, एकाच साखळीतल्या दोन वलयांत येऊन बसले होते. मूळ आणि अनुवाद एकाच चिन्हात! इथे वर्ग हसे, घंटा होई, आणि आम्ही खडू ठेवून बाहेर पडत असू.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने चिन्हमीमांसेच्या प्रकल्पासाठी हेच बोधचिन्ह निवडले. ती औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. तिथल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ऑडी गाड्यांची जुळणी होत आली असल्याने ती चार वलये तिने आमच्यापेक्षा कितीतरी जवळून पाहिलेली. कच्चा मसुदा दाखवायला आली तेव्हा तिने सहज विचारले, "सर, तुम्ही ही गोष्ट १९३२ लाच का थांबवता?"

थांबवतो कारण तिथे ती छान संपते, हे उत्तर आमच्या ओठावर आले होते. ते दिले नाही. तिने पुढची पाने आमच्यासमोर ठेवली.

ऑडी कंपनीने स्वतःच करवून घेतलेला एक इतिहास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुडोल्फ बोख आणि मार्टिन कुकोव्स्की हे त्याचे लेखक. दुसऱ्या महायुद्धात आउटो उनिओनसाठी एसएसने सात श्रमछावण्या चालवल्या आणि त्यांत ३,७०० हून अधिक छळछावणी-कैदी राबवले. याशिवाय त्स्विकाऊ आणि केम्निट्स येथील कारखान्यांत सुमारे १६,५०० वेठबिगार मजूर होते. लाइटमेरिट्स येथे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील लिटोमेरिझ्त्से गावी, चुनखडीच्या खाणीत भूमिगत कारखाना करून रणगाड्यांची इंजिने बनवण्याची योजना होती. त्या कामाला 'रिखार्ट' हे सांकेतिक नाव होते. तिथल्या सुमारे ४,५०० कैद्यांच्या मृत्यूची नैतिक जबाबदारी कंपनीवर येते, असा त्या ग्रंथाचा निष्कर्ष आहे. युद्धकाळात कंपनी चालवणारे रिखार्ट ब्रून यांना युद्धानंतरही मान होता. या ग्रंथानंतर कंपनीने आपल्या निवृत्तिवेतन-योजनेवरून त्यांचे नाव काढून टाकले. कंपनीच्या इतिहासात नावावर दुसऱ्यांदा बंदी आली ती अशी.

लढाई १९४५ ला संपली होती. ज्या कंपनीच्या नावाचाच अर्थ 'ऐक', तिला ऐकायला एकोणसत्तर वर्षे लागली, असे एक टाळीचे वाक्य आमच्या मनात लगेच तयार झाले. पण ते वर्गात उच्चारण्याचा अधिकार आम्हाला कितपत होता? तो ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरही दहा वर्षे आम्ही तीच शाळकरी मुलाची गोष्ट सांगत होतो. माहिती कोणी लपवून ठेवलेली नव्हती. आम्ही कानोसा घेतला नव्हता.

चिन्हाचे पुढे काय झाले तेही तिच्या टिपणात होते. १९४८ मध्ये केम्निट्सच्या नोंदवहीतून आउटो उनिओन हे नाव खोडले गेले आणि पुढच्याच वर्षी पश्चिमेकडे इंगोलश्टाट येथे ते पुन्हा मांडले गेले. वलये सोबत गेली. आउडी हे नाव युद्धानंतर निपचित पडले होते, ते १९६५ मध्ये परतले. एके काळी प्रत्येक वलयात त्या त्या कारखान्याची निशाणी असे. पुढे आतले सारे पुसले जाऊन नुसत्या रेषा राहिल्या. रिकाम्या वर्तुळात पाहणाऱ्याला हवे ते दिसते, हवे नसेल ते दिसत नाही. २०२४ मध्ये कंपनीने चीनच्या बाजारासाठी वेगळी मुद्रा जाहीर केली. त्यात वलये नाहीत, फक्त नावाची चार अक्षरे आहेत.

त्या मुलीच्या प्रकल्पावर आम्ही दोनच दुरुस्त्या सुचवल्या, दोन्ही शुद्धलेखनाच्या. गोष्ट अजूनही सांगतो. गोडबोल्यांपाशी वर्ग अजून हसतो, वलयांपाशीही हसतो. पण आता ती एका तासात मावत नाही. लाइटमेरिट्सचा भाग दुसऱ्या दिवसावर जातो, आणि त्या दिवशी हजेरी आम्ही तासाच्या सुरुवातीलाच घेऊन टाकतो.