हिरवी डबी

"बिघडलीय का रे ती डबी?" आम्ही दाराबाहेरूनच विचारलं.

"नाही. अशीच वाजते ती. तशीच वाजायला हवी."

सहा महिन्यांत मुलगा आमच्याशी एका दमात एवढं बोलला नव्हता. बारावीला त्याचा फिजिक्स राहिला, पुरवणीतही राहिला. आम्ही दोघंही शिक्षक. दिवसभर इतरांच्या मुलांना उर्दू-मराठी शिकवतो. "मास्तरांचा मुलगा आणि नापास!" हे मोहल्ल्यात कुणी म्हणण्याआधी आम्हीच त्याला म्हणून बसलो. तेव्हापासून तो खाली मान घालून जेवायचा आणि ताट उचलून खोलीत जायचा.

खोलीत मामूने दिलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार होती. शेजारच्या लहान मुलांची गणिताची शिकवणी घेऊन त्याने पैसे साठवले आणि पुण्याहून कुणाची तरी वापरलेली डबी आणली. तळहाताएवढी, हिरवी, पत्र्याची. वर फिरवायच्या तीन कळा, खाली पायाने दाबायचं एक बटण. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये ती जोडायची. बटण दाबलं की उसाने भरलेला ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये चढ चढतोय असा आवाज येई. त्यात एकच चाल, तीही अतिशय संथ. संगीताबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मतं आहेत, त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. अजान झाली की तो आपणहून बंद करायचा, इशानंतर वाजवायचा नाही. तरी आमची चिडचिड व्हायचीच.

एका संध्याकाळी सतारमेकर गल्लीतले एक बुजुर्ग कारागीर घरी आले. मिरजेत सतार-तंबोरे घडवण्यात त्यांचा जन्म गेला. आतला आवाज ऐकून आम्ही ओशाळलो. ते मात्र चहाचा कप खाली ठेवून ऐकत राहिले. म्हणाले, "मास्तर, जवारी फारच खुली आहे. पण आहे ही जवारीच."

मुलगा दारात येऊन उभा राहिला. चाचांनी त्याला समजावलं: सतारीच्या घोडीचा माथा कानसेने असा घासतात की तार त्याला अगदी हलकेच घासत थरथरते. त्या घासण्यातून वरचे बारीक स्वर जागे होतात. तार नुसती स्वच्छ वाजली तर आवाज मुका वाटतो.

"माझ्या डबीत तेच वीज करते," मुलगा म्हणाला आणि बोलू लागला. तारेची लहर डबीतले ट्रान्झिस्टर खूप मोठी करतात, मग डायोड तिचे वरचे-खालचे माथे छाटून टाकतात. छाटलेल्या लहरीत नवे वरचे स्वर येतात. शिवाय मूळ स्वर विरत चालला तरी छाटलेला आवाज बराच वेळ तेवढाच भरीव राहतो. म्हणून हे भरभर वाजवलं तर खिचडी होते; सावकाश वाजवलं की एकेक स्वर खोलीभर पसरतो.

या आवाजाला 'फझ' म्हणतात. १९६१च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सचं गाणं ध्वनिमुद्रित होत असताना यंत्रात बिघाड झाला आणि एका गिटारीचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला, लोकांना आवडला. लवकरच मुद्दाम तसा आवाज काढणारी डबी बाजारात आली. मुलाची डबी 'बिग मफ' जातीची. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने ती १९६९च्या सुमारास काढली. १९९०च्या दशकात रशियातही ती हिरव्या डब्यांत बनू लागली. त्या रशियन डब्यांची ही लहान आवृत्ती.

हे सांगणारा मुलगा फिजिक्समध्ये नापास झालेला होता! आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

मग त्याने या संथ, जड वादनाचा पाया घालणाऱ्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचा हा कामगार. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. आता सगळं संपलं म्हणून तो खचला. तेव्हा कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्यामुळे दोन बोटं निकामी होऊनही वाजवणारा तो वादक. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या उतरवून सैल केल्या. स्वर खाली गेला, जड झाला. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम आला.

रात्री आम्हाला झोप लागली नाही. आयोमीपेक्षा तो व्यवस्थापक डोळ्यांसमोरून हलेना. बी.एड.ला प्रेरणेवर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. त्या माणसाने जखमी मुलापुढे एक रेकॉर्ड ठेवली. आम्ही सहा महिने रोज गुणपत्रिका ठेवत होतो.

फेब्रुवारीत पुन्हा परीक्षा आहे. लहरींच्या धड्यापासून त्याने अभ्यास सुरू केला आहे. पास होईल का, अल्लाह जाणे. दुआ चालू आहे. आम्ही मात्र निकालाआधीच त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही.

काल मगरिबनंतर आम्ही दार वाजवलं. "ती हळूहळू वाजवतोस ना, ती चाल जरा ऐकव." त्याने गिटार उचलली आणि पलंगावर सरकून आम्हा दोघांना जागा करून दिली.