स्पितीचा रस्ता आणि जुन्या गाडीची पारख

गाडी आधी पसंत करावी आणि मग तिच्यातून जायचे कोठे ते ठरवावे, अशी अलीकडे रीत पडली आहे. व्यापाऱ्याच्या घरात मात्र माल किती आणि कसला हे कळल्याशिवाय कोणी गोदाम भाड्याने घेत नाही. साठीच्या आसपासच्या आम्ही चौघांनी, म्हणजे दोघे भाऊ आणि आमच्या सौभाग्यवतींनी, पुण्याहून हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात स्वतःच्या वाहनाने जायचे ठरवले, तेव्हा हाच क्रम पाळला. गाडी जुनी पण चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह हवी होती आणि एकूण खर्चाची मर्यादा आठ लाख रुपये होती. म्हणून प्रथम नकाशा उघडला.

पुण्याहून शिमला सुमारे १,८०० किलोमीटर. हा सगळा उत्तम डांबरी महामार्ग आहे. शिमल्यानंतर नारकंडा, रामपूर, रिकांगपिओ असा सतलजच्या काठाने रस्ता चढत जातो. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते आणि तेथून डोंगर एकाएकी उघडेबोडके होतात. पुढे नाको आणि ताबो. ताबोचा बौद्ध विहार इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला. मातीच्या भिंतींआडची त्याची चित्रे आजही टिकून आहेत. त्यानंतर काझा, उंची सुमारे ३,८०० मीटर. किन्नौरच्या बाजूने चढण हळूहळू वाढत असल्याने ज्येष्ठांच्या शरीराला विरळ हवेची सवय होण्यास अवधी मिळतो. मनालीकडून थेट वर जाण्यापेक्षा हा मार्ग आमच्या वयाला मानवणारा आहे.

खरी कसोटी परतीच्या वाटेवर लागते. लोसर गावानंतर ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड, मग बातल आणि तेथून ग्रांफूपर्यंत चंद्रा नदीकाठचा दगडगोट्यांचा रस्ता. बर्फ वितळून येणारे नाले येथे रस्त्यावरूनच वाहतात. सकाळी घोट्याएवढे असणारे पाणी उन्हे चढल्यावर बरेच वाढते. चारही चाकांना जोर हवा तो येथे. पण हिशेब मांडल्यावर दिसले की, सुमारे ४,४०० किलोमीटरच्या फेरीत असा रस्ता १०० किलोमीटरही भरत नाही. उरलेल्या ४,३०० किलोमीटरांसाठी सुस्थितीतील इंजिन, खात्रीचे ब्रेक, पाठीला आधार देणारी आसने आणि वाटेत कोठेही मिळणारे सुटे भाग यांचीच गरज अधिक. या एका आकड्याने आमची निवड सोपी केली.

मारुती जिप्सी हलकी आणि डोंगरात वाकबगार. परंतु तिचे पेट्रोल इंजिन, कडक पाट्यांच्या स्प्रिंगा आणि अपुरी सामानाची जागा लांबच्या प्रवासाला अडचणीची. २०१० साली आलेल्या पहिल्या महिंद्रा थारमध्ये मागची आसने समोरासमोर बाकांसारखी. त्यांवर बसून पुण्याहून शिमला गाठणे साठीनंतर नको वाटते. रेनो डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती महामार्गावर सर्वांत सुखाची. तिला वेगळा लो-रेंज गिअर नाही, मात्र पहिला गिअर मुद्दाम अधिक जोराचा दिलेला आहे. भारतातील तिचे उत्पादन थांबल्याने सुट्या भागांची चौकशी आधी करावी लागते. टाटा सफारी स्टॉर्म आणि महिंद्रा स्कॉर्पिओ यांच्या फोर बाय फोर आवृत्त्यांत मजबूत चासी, लो-रेंज गिअर आणि चौघांना पुरेशी जागा या तिन्ही गोष्टी मिळतात.

आमच्यासारख्यांच्या बाबतीत आणखी एक निकष असतो, तो स्वयंपाकघराचा. स्पितीत मटार विपुल. पण रोजच्या जेवणात बटाटाही तितकाच. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्याला शेगडी, कुकर, डाळ-तांदूळ, खाखरे आणि पाण्याची भांडी सोबत न्यावीच लागतात. काझाच्या उंचीवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते. कुकरवाचून डाळ शिजणे कठीण. त्यामुळे मागील आसनामागची जागा आम्ही अक्षरशः डबे ठेवून मोजली आणि स्कॉर्पिओ नक्की केली.

त्यानंतर गाडीपेक्षा कागदांकडे अधिक लक्ष दिले. बँकेत कर्जदाराचे कागद पाहिल्याशिवाय त्याच्या दुकानाची सजावट पाहायची नसते. जुन्या वाहनालाही तोच नियम लागू. नोंदणी पुस्तकावर कर्जाची तारण नोंद असेल, तर नमुना ३५ आणि बँकेचा ना हरकत दाखला हाती आल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नयेत. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणून उरलेली वर्षे मोजूनच किंमत बोलावी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील वाहने इतर राज्यांत स्वस्तात विक्रीस येतात. पण ना हरकत दाखला, महाराष्ट्रातील फेरनोंदणी आणि रस्ता कर मिळवला की तो स्वस्तपणा बराच ओसरतो. विम्याचे हस्तांतर १४ दिवसांत करून घ्यावे. जुन्या मालकाची 'नो क्लेम' सवलत त्याच्याकडेच राहते. ती गाडीबरोबर येत नाही.

मग प्रत्यक्ष तपासणी. इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे. डिफरन्शियलमधील ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. चासीवर वेल्डिंगच्या खुणा वा खोल गंज असेल, तर किंमत कितीही कमी असो, हात जोडून परत यावे. टायरच्या कडेवरील चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि मुख्य म्हणजे फोर-व्हीलचा गिअर मोकळ्या मातीत टाकून, हाय आणि लो दोन्हींत चालवून पाहावा. कित्येक गाड्यांत तो वर्षानुवर्षे वापरलेलाच नसतो. कोरड्या डांबरावर मात्र तो टाकून गाडी चालवू नये. सांध्यांवर ताण येतो.

आम्ही पाच गाड्या पाहिल्या आणि सहावी घेतली. २०१४ ची गाडी ५,९०,००० रुपयांना मिळाली. हस्तांतर व विमा ४०,०००, पाच नवे टायर ४५,०००, क्लच, ब्रेक, पट्टे व सर्व ऑइल ७०,००० आणि राखीव निधी ५५,०००. मर्यादा आठ लाख असताना आठ लाखांची गाडी घेणारा पहिल्याच दुरुस्तीला अडतो. व्यापारात खेळते भांडवल लागते, तसेच ते जुन्या गाडीलाही लागते.

पर्युषण आणि दशलक्षण पर्व आटोपल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धात निघालो. तोवर किन्नौरमधील दरडींचा जोर ओसरलेला असतो आणि कुंझुम खिंडही उघडी असते. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम तेथे दुहेरी उपयोगी पडला, कारण त्यामुळे डोंगरात रात्री गाडी चालवण्याची वेळच आली नाही. रिकांगपिओखाली पोवारीला आणि पुन्हा काझाला टाकी पूर्ण भरली. काझा ते मनाली या सुमारे २०० किलोमीटरांत इंधनाचा भरवसा धरू नये. बातलच्या पुढचे नाले सकाळीच लो-रेंजमध्ये, संथपणे पार केले. एकूण प्रवासात तो गिअर जेमतेम पाच तास वापरला असेल.

चंद्रताल हे रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र. वाहने अलीकडेच उभी करून तळ्यापर्यंत पायी जायचे असते. तरीही भोवतीच्या कुरणांत चाकांचे ओरखडे दिसतात. थोड्या आठवड्यांच्या उन्हाळ्यात उगवणारे ते गवत एकदा चिरडले की भरून येण्यास वर्षे लागतात. वर्षाकाळी भूमीवर जीव दाटतात म्हणून चार महिने विहार थांबवणाऱ्या मुनींच्या परंपरेत आपण वाढलो. गाडी कोठेही जाऊ शकते म्हणून ती कोठेही नेऊ नये, एवढा संयम आपल्याला कठीण वाटू नये.

शेवटी एक स्पष्ट सांगतो. ज्यांना असा प्रवास आयुष्यात एकदाच करायचा आहे, त्यांनी गाडी घेऊच नये. शिमल्यापर्यंत रेल्वेने जाऊन तेथे स्थानिक गाडी चालकासह ठरवावी. खर्च कमी आणि रस्त्याची जाण अधिक. दरवर्षी एखादी दीर्घ यात्रा करण्याचा ज्यांचा खरोखर संकल्प आहे, त्यांनी मात्र रस्ता, कागद, चासी आणि राखीव निधी या क्रमाने विचार करून जुनी गाडी निर्धास्त घ्यावी. रंग सर्वांत शेवटी पाहावा.

जय जिनेंद्र.